दुर्मीळ मेंदू-रक्तवाहिनी विकारांवर सहमतीचं मार्गदर्शन: तज्ज्ञ कसे जमवायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोयामोया (मेंदूच्या मुख्य धमन्या हळूहळू अरुंद होत जाणं), कॅव्हर्नोमा (मेंदूतल्या नाजूक रक्तवाहिन्यांची गाठ), कॅडासिल (मेंदूच्या बारीक धमन्यांचा आनुवंशिक आजार), गॅलनच्या शिरेची विकृती (मेंदूतल्या एका मोठ्या शिरेचा जन्मजात दोष), फक्त मेंदूत होणारा व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिन्यांचा दाह). अशा विकारांवर मार्गदर्शिका करायला निघालेल्या गटांना तज्ज्ञ जमवताना जे प्रश्न पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. शेवटचे दोन प्रश्न निमंत्रण मिळालेल्या डॉक्टरांचे आहेत. आमचा कल आधीच सांगून टाकतो: मतदान कसं घ्यायचं यावर लोक महिनोन्महिने खल करतात आणि मत कोणाचं घ्यायचं हे मात्र एका दुपारच्या बैठकीत उरकतात. आमच्या मते हे उलट असायला हवं.

चाचण्या करून पुरावा मिळवायचा सोडून तज्ज्ञांची मतं कशाला गोळा करायची?

चाचण्या करता आल्या तर कराव्यातच. पण आकडे बघा. मोयामोयात रक्तस्राव झालेल्या प्रौढांवर बायपास शस्त्रक्रिया करावी का, या प्रश्नावर जपानमध्ये चाचणी झाली. हा विकार तिथे इतर बहुतेक देशांपेक्षा जास्त आढळतो. तरी त्या चाचणीत रुग्ण होते ८०. त्यांचा ५ वर्षांपर्यंत पाठपुरावा झाला आणि २०१४ मध्ये निष्कर्ष आला, की शस्त्रक्रियेने पुन्हा रक्तस्राव होण्याचं प्रमाण कमी होतं; पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक जेमतेम टिकणारा होता. एका प्रश्नाला एवढा काळ लागला. लहान मुलांचं काय, लक्षणं नसलेल्यांचं काय, गरोदरपणात काय, हे प्रश्न उरलेच.

रुग्ण मात्र आज समोर बसलेला असतो. डॉक्टर काहीतरी ठरवतोच, आणि पुरावा नसला तर स्वतःच्या सवयीने ठरवतो. अनेकांचे अनुभव एकमेकांवर घासून पाहिले तर निर्णय त्या सवयीपेक्षा बरा होतो. सहमतीच्या मार्गदर्शनाचा दावा एवढाच आहे.

पण तज्ज्ञ सगळे मिळून चुकू शकत नाहीत का?

चुकतात. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण इथे जपून वापरावी. अचानक वीज कोसळावी तशी डोकेदुखी आणि अँजिओग्राफीत मण्यांच्या माळेसारख्या दिसणाऱ्या धमन्या असलेले अनेक रुग्ण एके काळी व्हॅस्क्युलायटिसचाच सौम्य प्रकार समजले जात आणि त्यांना स्टेरॉइड दिली जात. धमन्यांचं हे आकुंचन बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप उतरतं आणि हा आजार वेगळा आहे, अशी मांडणी २००७ मध्ये एका नावाखाली झाली: रिव्हर्सिबल सेरेब्रल व्हॅसोकॉन्स्ट्रिक्शन सिंड्रोम. त्यात स्टेरॉइडने फायदा होत नाही, उलट काहींचं बिघडतं, हे पुढे दिसलं. आधीची सहमती वाईट हेतूची नव्हती. सगळे एकाच प्रकारच्या रुग्णांकडे एकाच चष्म्यातून पाहत होते, इतकंच.

म्हणून प्रत्येक शिफारशीसोबत तिचा आधार लिहावा: चाचणी, रुग्णमालिका की निव्वळ अनुभव. शिफारस किती ठाम आहे आणि पुरावा किती भक्कम आहे, या दोन गोष्टी ग्रेड पद्धतीत वेगळ्या लिहितात. दुर्मीळ विकारांत तर ही फारकत हवीच.

सहमती म्हणजे एकमत ना?

नाही. एकमत म्हणजे सगळ्यांचं एकच म्हणणं. सहमती म्हणजे ‘माझं पहिलं मत हे नसेल, पण या शिफारशीखाली माझं नाव असायला हरकत नाही’ असं पुरेशा लोकांनी म्हणणं. पुरेशा म्हणजे किती टक्के, हे मतदानाच्या पहिल्या फेरीच्या आधी लिहून ठेवायचं. बरेच गट ७० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान आकडा ठरवतात. मतं मोजून झाल्यावर आकडा ठरवणं म्हणजे बाण मारून झाल्यावर त्याभोवती वर्तुळ काढणं.

‘दुर्मीळ’ कशाला म्हणायचं?

युरोपीय संघात १०,००० लोकांमागे ५ पेक्षा जास्त नाहीत तो दुर्मीळ आजार. अमेरिकेत देशभरात २ लाखांपेक्षा कमी रुग्ण असलेला. तज्ज्ञ निवडताना या व्याख्यांपेक्षा विषयाची हद्द महत्त्वाची. कॅव्हर्नोमाचं उदाहरण घ्या. एमआरआयवर तो सुमारे २०० माणसांत एकाला सापडतो, म्हणजे दुर्मीळ नाहीच. पण सीसीएम-१, सीसीएम-२ किंवा सीसीएम-३ या जनुकांपैकी एकातल्या बदलामुळे घराण्यात चालत आलेला, एकाच मेंदूत अनेक गाठी असलेला प्रकार दुर्मीळ आहे. पहिल्यासाठी सर्वसाधारण न्यूरोलॉजिस्ट हवेत, दुसऱ्यासाठी जनुकतज्ज्ञ आणि समुपदेशक. हद्द ठरल्याशिवाय यादीला हात लावू नका.

कोणकोणत्या शाखांचे लोक हवेत?

पहिली यादी सगळ्यांची सारखीच येते: न्यूरोसर्जन, इंटरव्हेन्शनल न्यूरोरेडिओलॉजिस्ट, पक्षाघाताचे न्यूरोलॉजिस्ट. यादी बरोबर आहे, पण अपुरी. रुग्णाचा प्रवास कागदावर काढा, म्हणजे पहिलं लक्षण, पहिला डॉक्टर, चुकलेलं निदान, योग्य निदान, उपचार आणि पुढची वीस वर्षं. त्या वाटेवर भेटणाऱ्या प्रत्येकाचा विचार करा.

आनुवंशिक हेमोरेजिक टेलँजिएक्टेशिया, म्हणजे एचएचटी, या रक्तवाहिन्यांच्या विकारात पहिली भेट होते ती कान-नाक-घसा तज्ज्ञाशी, कारण नाकातून रक्त येतं. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या विकृतीतून गुठळी किंवा जंतू थेट मेंदूकडे जातात आणि पक्षाघात किंवा मेंदूत गळू होतो. म्हणजे मेंदूचा प्रश्न सोडवायला छातीचा डॉक्टर हवा. गॅलनच्या शिरेच्या विकृतीत नवजात बाळाचं हृदय आधी थकतं, त्यामुळे नवजात अतिदक्षता विभागातल्या माणसाशिवाय कधी हस्तक्षेप करावा यावर बोलण्यात अर्थ नाही. मोयामोयाच्या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञाने रक्तदाब आणि कार्बन डायऑक्साइड कसा सांभाळला यावर निकाल हलतो. तरी भूलतज्ज्ञ यादीत आठवतो तो बहुधा तिसऱ्या बैठकीत.

आणखी एक गट आम्ही आवर्जून घेतो: ज्यांच्या हातून निदान निसटतं ते. मणक्यातल्या ड्युरल फिस्टुलाचा (मज्जारज्जूच्या आवरणात धमनी आणि शीर थेट जोडली जाण्याचा) रुग्ण बहुधा मध्यमवयीन किंवा त्याहून मोठा पुरुष असतो. चालताना पाय जड होतात, लघवीची तक्रार सुरू होते. तो अस्थिरोगतज्ज्ञाकडे जातो, मूत्ररोगतज्ज्ञाकडे जातो, आणि फिस्टुला सापडेपर्यंत बरेचदा महिने, कधी वर्षं जातात. ‘संशय कधी घ्यावा’ हे प्रकरण फक्त फिस्टुला बंद करणाऱ्यांनी लिहिलं तर ते त्यांनाच उपयोगी पडेल, आणि त्यांना त्याची गरज नसते.

तज्ज्ञ कोण, हे कसं ठरवायचं? शोधनिबंध मोजायचे का?

मोजा, पण तिथे थांबू नका. वैद्यकीय शोधनिबंधांच्या सूचीत गेल्या दहा वर्षांत त्या विकारावर वारंवार लिहिणारी नावं काढणं ही चांगली सुरुवात. तोटा असा, की लिहिणारे आणि रुग्ण पाहणारे नेहमी एक नसतात. वर्षाला वीस रुग्ण पाहणारी, पण लिहायला सवड नसलेली डॉक्टर या चाळणीतून गळते.

म्हणून निकष दोन-तीन ठेवा आणि ‘अथवा’ने जोडा. उदाहरणार्थ, अमुक इतक्या रुग्णांचा प्रत्यक्ष उपचार, अथवा विषयावर अमुक इतकं प्रकाशित काम, अथवा रुग्णनोंदवहीची जबाबदारी. ‘आणि’ने जोडलेत तर शेवटी एकाच वयाचे, एकाच हुद्द्याचे लोक उरतात. नावं शोधायला रुग्णसंघटना हा उत्तम स्रोत आहे. कोणता डॉक्टर खरोखर भेटतो, ऐकतो, पाठपुरावा करतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. युरोपात २०१७ पासून दुर्मीळ आजारांची संदर्भजाळी चालू आहेत. त्यांतलं व्हॅसर्न हे रक्तवाहिन्यांच्या विकारांसाठी आहे. अशा जाळ्यांतली केंद्रंही पाहावीत.

एका तज्ज्ञाने पुढची पाच नावं सुचवली. ती घ्यावीत का?

घ्या, पण त्यांची वंशावळ तपासा. दुर्मीळ विकारांचं जग लहान असतं. सुचवलेले पाचही जण एकाच गुरूच्या हाताखाली शिकलेले असू शकतात. मग पाच मतं ही मुळात एका मताच्या पाच प्रती होतात आणि सगळे एकमेकांची री ओढतात. आम्ही सुचवणाऱ्याला दुसराही प्रश्न विचारतो: ‘या विषयावर तुमच्याशी ज्यांचं पटत नाही, पण ज्यांच्याबद्दल तुम्हाला आदर आहे, असे दोघं सांगा.’ आमच्या यादीतली सर्वांत उपयोगी नावं या प्रश्नातून आली आहेत.

मतभेद खरा किती असतो हे पाहायचं तर अरूबा चाचणी आठवा. मेंदूतल्या न फुटलेल्या एव्हीएमवर (धमन्या आणि शिरांच्या जन्मजात गुंत्यावर) हस्तक्षेप करावा की फक्त औषधोपचार, हा प्रश्न. २०१३ मध्ये औषधोपचाराच्या बाजूने कौल दिसल्यामुळे ती २२६ रुग्णांवर थांबवली गेली. रुग्णांची निवड, पाठपुराव्याचा काळ, शस्त्रक्रियेचा कमी वापर यांवरून अनेकांनी तिच्यावर जोरदार टीका केली. या विषयावर मंडळ करताना फक्त अरूबा मानणारे किंवा फक्त न मानणारे घेतलेत, तर निकाल निमंत्रणपत्रातच लागलेला असतो.

भौगोलिक विविधता ही निव्वळ शोभा नाही का?

या विकारांत नाही. पूर्व आशियातल्या मोयामोयाच्या रुग्णांत आरएनएफ-२१३ जनुकातला एक विशिष्ट बदल फार मोठ्या प्रमाणात सापडतो. युरोपीय वंशाच्या रुग्णांत तो क्वचितच दिसतो. आजाराची वाटचालही तंतोतंत सारखी नसते. शिवाय परफ्युजन तपासणी (मेंदूच्या भागांना रक्त किती पोचतं ते दाखवणारी), जनुकचाचणी, चोवीस तास अँजिओग्राफी सगळीकडे नसते. जिथे हे नाही तिथल्या डॉक्टरला घेतलंत, तर ‘ही तपासणी उपलब्ध नसल्यास काय’ हे वाक्य मार्गदर्शिकेत येतं. नाहीतर येत नाही. वेगवेगळ्या वेळक्षेत्रांतले लोक असतील तर बैठकीची गैरसोयीची वेळ आळीपाळीने वाटून घ्या. दर वेळी त्याच दोघांना पहाटे तीनला उठवलंत तर तिसऱ्या बैठकीला ते नसतील.

एकूण किती जण?

रँड-यूसीएलए पद्धतीत, म्हणजे छोट्या गटाने गुण देऊन उपचार योग्य की अयोग्य हे ठरवण्याच्या पद्धतीत, साधारण ७ ते १५ जण असतात, ९ चा गट नेहमीचा. डेल्फायला, म्हणजे निनावी मतांच्या अनेक फेऱ्यांच्या पद्धतीला, ठरलेला आकडा नाही. दुर्मीळ विकारांसाठी १५ ते ३० जण आम्हाला झेपणारे वाटतात. एखाद्या शाखेचा एकच प्रतिनिधी असेल तर तो मतदानात हरवतो, म्हणून शक्य तिथे दोन घ्या.

रुग्ण किंवा त्यांचे नातेवाईक मंडळात असावेत का? त्यांना तांत्रिक गोष्टी कळतील का?

असावेत. रक्तवाहिनी आतून बंद करायला कॉइल की द्रव एम्बोलायझेशन यावर मत देणं हे त्यांचं काम नाही, आणि तशी अपेक्षाही ते ठेवत नाहीत. कोणते प्रश्न विचारायचे हे ते बदलतात. डॉक्टरांच्या याद्यांत शस्त्रक्रियेची वेळ, तपासणीचा प्रकार, औषधाची मात्रा असते. रुग्णांच्या यादीत असतं: गाडी चालवू का? विमानाने जाऊ का? जड वजन उचलू का? रक्त पातळ करणारं औषध दुसऱ्या आजारासाठी लागलं तर? मूल होऊ द्यावं का, आणि त्याची तपासणी कोणत्या वयात? कॅव्हर्नोमावरची २०१७ ची मार्गदर्शिका अमेरिकेतल्या रुग्णसंघटनेच्या पुढाकाराने झाली, आणि एचएचटीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेमागेही रुग्णसंघटनेचं बळ होतं.

दोन अटी. एकच रुग्ण घेऊन त्याला वीस डॉक्टरांसमोर बसवू नका. किमान दोघं-तिघं हवेत. आणि त्यांना आधी एक साधा परिचयवर्ग द्या. तांत्रिक विधानांवर ‘माझ्या कक्षेबाहेर’ असा पर्याय त्यांना हवा. खरं तर तो सगळ्यांनाच हवा. जनुकचाचणीच्या विधानावर सर्जनने अंदाजपंचे ९ पैकी ७ गुण देण्यापेक्षा तो पर्याय निवडलेला बरा.

हितसंबंध जाहीर केले की झालं ना?

नाही. जाहीर करणं ही सुरुवात, पुढे त्याचं काय करायचं ते ठरवावं लागतं. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ मध्ये सुचवलं, की हितसंबंध असलेले सदस्य अल्पसंख्य असावेत आणि अध्यक्षाला ते नसावेत. दुर्मीळ विकारात हे अवघड जातं, कारण विषयातले निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या उपकरण कंपनीचे सल्लागार असतात. अशांना वगळलं तर अनुभव जातो, ठेवलं तर शंका राहते. मधला मार्ग असा: त्यांनी माहिती द्यावी, चर्चेत बोलावं, पण त्या उपकरणाशी संबंधित विधानावर मत देऊ नये.

पैशापेक्षा चिवट असतो तो बौद्धिक हितसंबंध. आयुष्यभर एक शस्त्रक्रिया केलेल्या माणसाला ती बरोबरच वाटते. आपला तो बाब्या. यात अप्रामाणिकपणा नसतो, म्हणूनच तो दिसतही नाही. यावर उपाय मंडळाच्या रचनेतच असतो: जो उपचार तपासायचा, तो करणाऱ्यांचं मंडळात बहुमत नको.

निमंत्रणपत्रात काय लिहावं?

खरे तास लिहा. ‘थोडा वेळ द्यावा लागेल’ असं लिहिलेलं पत्र अनुभवी माणूस बाजूला ठेवतो. किती फेऱ्या, प्रत्येकीला अंदाजे किती मिनिटं, किती बैठका, शेवटची तारीख, मानधन आहे की नाही, पैसा कुणाचा, लेखकांत नाव कोणत्या अटीवर, हितसंबंधांचा अर्ज कधी भरायचा. एका पानात बसवा. पत्र अध्यक्षांच्या नावाने जाऊ द्या, पण उत्तर समन्वयकाकडे येऊ द्या. ‘नाही’ म्हणणं सोपं होतं आणि भिडेपोटी दिलेले होकार टळतात. भिडेपोटी आलेला माणूस दुसऱ्या फेरीत गायब होतो.

उत्तर आलं नाही तर दोनदा आठवण करा, मग सोडा. किती जणांना बोलावलं, किती आले, न आलेले कोणत्या शाखेचे होते, हे मात्र लिहून ठेवा.

डेल्फायच का? सगळ्यांना एका खोलीत बसवून ठरवलं तर लवकर होईल.

लवकर होईल. पण मग सर्वांत ज्येष्ठ माणूस पहिला बोलेल आणि उरलेले माना डोलावतील. ही भीड मोडण्यासाठीच डेल्फाय आहे. १९५० च्या दशकात रँड कॉर्पोरेशनमध्ये नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी ही पद्धत घडवली: मतं निनावी, फेऱ्या एकापेक्षा जास्त, आणि प्रत्येक फेरीनंतर गटाचा कौल सगळ्यांना परत दाखवायचा, म्हणजे ज्याला मत बदलायचं त्याने तोंड न दाखवता बदलावं. मतं बरेचदा १ ते ९ च्या पट्टीवर घेतात: १ ते ३ नको, ४ ते ६ सांगता येत नाही, ७ ते ९ हवं.

आमच्या क्षेत्रात निनावीपणाला एक भोक आहे. वीस जणांच्या गटात कुणी शेऱ्यात ‘आमच्या ४० रुग्णांत’ असं लिहिलं, की कोण ते सगळ्यांना कळतं. एकदा एका शेऱ्यावरून आम्हालाही हे कळून चुकलं, तेव्हा फेरी पाठवून झाली होती. आता समन्वयक प्रत्येक शेरा पाठवण्याआधी ओळखीच्या खुणा काढतो. रुग्णाचं वर्णनही त्याच नजरेने तपासा. दुर्मीळ विकारात वय, लिंग आणि प्रदेश सांगितला तरी माणूस ओळखू येतो.

आमच्या पहिल्या फेरीत जवळजवळ सगळ्या विधानांवर ९५ टक्के सहमती झाली. छान ना?

बहुधा विधानं पोकळ असतील. ‘मोयामोयाच्या रुग्णांवर योग्य वेळी योग्य उपचार करावेत’ यावर कोण नाही म्हणेल? विधान असं हवं की ते वाचून एखाद्याचा हात थबकावा: ‘इस्केमियाची (मेंदूला रक्त कमी पडल्याची) लक्षणं असलेल्या आणि परफ्युजन तपासणीत रक्तपुरवठा घटलेला दिसणाऱ्या प्रौढ रुग्णाला बायपास शस्त्रक्रिया सुचवावी.’ कोणता रुग्ण, कोणती स्थिती, कोणती कृती, सगळं एका वाक्यात, आणि कृती एकच. कृतीत ‘आणि’ आलं की विधान दोन करा. शब्दही तपासा. ‘स्थिर’ म्हणजे रेडिओलॉजिस्टसाठी चित्रात बदल नाही, न्यूरोलॉजिस्टसाठी लक्षणांत.

मतभेद शेवटपर्यंत राहिला तर?

तसाच छापा. रँड-यूसीएलए पद्धतीत ९ जणांपैकी किमान ३ जण १ ते ३ मध्ये आणि किमान ३ जण ७ ते ९ मध्ये असतील तर त्याला मतभेद म्हणतात आणि तो निकाल म्हणूनच नोंदवतात. कुठे दुमत आहे हे वाचकाला कळलं, तर तो रुग्णाशी मोकळेपणाने बोलू शकतो. आणि पुढची चाचणी कुठे हवी तेही कळतं. चौथी, पाचवी फेरी घेऊन लोकांना दमवून मिळवलेली सहमती घेऊ नका.

काय काय नोंदवायचं?

सहमती प्रकल्पांचा अहवाल कसा लिहावा यासाठी २०२४ मध्ये अकॉर्ड ही ३५ मुद्द्यांची सूची आली आहे. काम संपल्यावर ती उघडू नका; सुरुवातीलाच भिंतीवर लावा. मार्गदर्शिकेचा दर्जा जोखायला २३ मुद्द्यांचं अ‍ॅग्री-२ आहे.

मी फेऱ्यांत मत दिलं. मग लेखकांत माझं नाव येणार ना?

निव्वळ मतदानावर नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात बौद्धिक सुधारणा करणं, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी. चारही पूर्ण करायची संधी आयोजकांनी सर्वांना द्यायला हवी, म्हणजे मसुदा वाचायला दोन दिवस नव्हे, दोन-तीन आठवडे. बाकीच्यांची नावं गट-सदस्य म्हणून येतात. हे निमंत्रणातच लिहिलेलं नसेल तर होकाराआधी विचारा.

मला निमंत्रण आलंय, पण या विकाराचे मी आजवर चारच रुग्ण पाहिलेत. नाही म्हणू का?

आधी समन्वयकाला हा आकडा कळवा. त्या विकारात चार रुग्ण हाच बहुतेकांचा अनुभव असू शकतो. शिवाय तुम्हाला बोलावलं ते कदाचित तुमच्या शाखेमुळे किंवा तुम्ही ज्या सोयींत काम करता त्यामुळे. त्या चौघांपैकी एखाद्याचं निदान उशिरा झालं असेल, तर ते का झालं हे तुम्ही जसं सांगाल तसं शंभर शस्त्रक्रिया केलेला सर्जन सांगू शकणार नाही. त्याच्याकडे रुग्ण निदान होऊनच येतो. ज्या विधानांचा अनुभव नाही तिथे ‘माझ्या कक्षेबाहेर’ निवडा. तो पर्याय अर्जावर नसेल तर तो घालायला सांगा, आणि मग होकार द्या.